संगणकाचा सांधा

नांदेडहून निघालेली गाडी पूर्णा जंक्शनांत शिरली, कीं तिच्यापुढें दोन वाटा असतात. एक परभणीकडे जाते, दुसरी हिंगोली-वाशीमच्या मार्गानें अकोल्याकडे. कोणती वाट धरावयाची हें गाडी ठरवीत नाहीं, इंजिनही ठरवीत नाहीं. तें ठरवितो रुळांमधला सांधा. सांधा ज्या बाजूस वळविलेला असेल त्या बाजूस सगळी गाडी मुकाट्यानें जाते. घरोघरीं टेबलावर येऊन बसलेल्या संगणकाच्या पोटांतही असाच एक सांधा असतो. कळ दाबल्यापासून पडद्यावर ओळखीचें चित्र उमटेपर्यंतच्या थोड्या वेळांत तो आपलें काम उरकून बाजूस सरतो. म्हणून बहुतेकांस त्याची ओळखही नसते. परंतु कांहीं घरांत हा सांधा एके दिवशीं अचानक बोलूं लागतो. संगणक सुरू करतांच पडद्यावर दोन ओळी उभ्या राहतात, वर "विंडोज १०" आणि खालीं पुन्हां "विंडोज १०", आणि यंत्र विचारतें, कोणत्या वाटेनें जावयाचें? या दोहोंपैकीं नको असलेली ओळ कशी काढावी, आणि ती काढतांना काय जपावें, हें समजून घेणें अवघड नाहीं. मात्र त्यासाठीं आधीं सांधा कसा चालतो हें पाहिलें पाहिजे.

संगणकाचें सर्व काम ज्या मूळ कार्यक्रमाच्या आधारानें चालतें त्यास कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही एक, लिनक्स ही दुसरी. ही प्रणाली हार्ड डिस्कवर साठविलेली असते. परंतु डिस्क वाचण्यासाठीं तरी कार्यक्रम हवा, आणि तो कार्यक्रम तर डिस्कवर! किल्ली पेटींत आणि पेटीला कुलूप, असा हा पेंच आहे. तो सोडविण्यासाठीं यंत्राच्या मुख्य फळीवरील एका चिपमध्यें एक लहानसा कार्यक्रम कायमचा भरून ठेवलेला असतो. जुन्या यंत्रांत त्यास बायोस म्हणत. अलीकडच्या यंत्रांत ती जागा यूईएफआय नांवाच्या व्यवस्थेनें घेतली आहे. वीज मिळतांच हा कार्यक्रम जागा होतो, डिस्कवरील ठराविक ठिकाणीं जातो आणि तेथें ठेवलेल्या दुसऱ्या एका कार्यक्रमास हाक मारतो. हा दुसरा कार्यक्रम म्हणजे बूट लोडर. वरील दृष्टान्तांतला सांधा तो हाच. त्याच्यापाशीं प्रणालींची एक यादी असते. यादींत एकच नांव असलें तर तो कांहीं न विचारतां त्या प्रणालीस उठवितो. दोन असलीं तर यादी पडद्यावर मांडून वाट पाहतो. विंडोजच्या बाबतींत ही मुदत सामान्यतः ३० सेकंदांची असते. तेवढ्या वेळांत कोणी कांहीं निवडलें नाहीं, तर जी प्रणाली मुख्य म्हणून नेमलेली असेल तिच्याकडे सांधा आपोआप वळतो.

ही यादी ठेवण्याची जागा काळानुसार बदलत आली आहे. १९८३ सालीं आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरसाठीं डॉस २.० निघाली, तेव्हांपासून हार्ड डिस्कच्या अगदीं पहिल्या ५१२ बाइटांत सांध्याचा आरंभ बसविण्याची रीत पडली. त्यांतील ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या नोंदीसाठीं राखलेले होते, आणि तेवढ्या जागेंत चारच मुख्य विभागांची नोंद मावे. २००१ सालीं आलेल्या विंडोज एक्सपीमध्यें प्रणालींची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलींत असे. कोणीही ती उघडून एखादी ओळ खोडूं शके. २००७ सालीं विंडोज व्हिस्टा बाजारांत आली आणि ही यादी बीसीडी नांवाच्या एका बंदिस्त कोठारांत गेली. तेव्हांपासून तिच्यांत बदल करावयाचा तर त्यासाठीं नेमलेल्या साधनांतूनच करावा लागतो. यूईएफआयच्या यंत्रांत हें कोठार एका स्वतंत्र, चिमुकल्या विभागांत असतें. विंडोज स्वतः तो विभाग करते तेव्हां तो बहुधा १०० मेगाबाइटांचा असतो. त्यास सी, डी असें कोणतेंही अक्षर दिलेलें नसतें, म्हणून नेहमींच्या वापरांत तो दृष्टीसही पडत नाहीं.

या सर्व वर्णनांतून एक गोष्ट ध्यानांत ठेवावयाची. यादीतील नांव निराळें आणि डिस्कवरील प्रणाली निराळी. फलाटावर लावलेली पाटी आणि जमिनीवर घातलेले रूळ यांत जेवढें अंतर, तेवढेंच या दोहोंत आहे. पाटी काढली म्हणून रूळ नाहींसे होत नाहींत. रूळ उखडले म्हणून पाटी आपोआप उतरत नाहीं. यादीतील नांव पुसलें तरी जुनी प्रणाली आपल्या सर्व फाइलींसह डिस्कवर जशीच्या तशी पडून राहते. उलट, प्रणाली डिस्कवरून पुसली आणि नांव यादींत तसेंच ठेवलें, तर काप गेले नि भोकें राहिलीं अशी अवस्था होते. तें नांव निवडणारास केवळ चुकीचा संदेश पाहावयास मिळतो. दुहेरी यादीच्या बाबतींत जे अनर्थ घडतात, ते बहुतेक या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळें घडतात.

दुसरी प्रणाली यंत्रांत येते तरी कोठून? नांदेडसारख्या शहरांत याचीं कारणें सहज दिसतात. एम.एस.-सी.आय.टी.चा अभ्यासक्रम या शतकाच्या आरंभीं गांवोगांव पोहोंचला आणि त्याच्या मागोमाग घरांत संगणक आले. त्यांतले कित्येक अजून चालू आहेत. असें जुनें यंत्र अडलें, कीं तें दुरुस्तीच्या दुकानांत जातें. दुकानदार सज्जन असतो. गिऱ्हाइकाचीं छायाचित्रें आणि कागदपत्रें नष्ट होऊं नयेत म्हणून तो जुन्या विंडोजला हात लावीत नाहीं, दुसऱ्या विभागांत नवी विंडोज घालतो आणि यंत्र परत देतो. त्याच क्षणीं यादींत दोन नांवें होतात. विष्णुपुरी येथील श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था असो कीं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ असो, संगणकशास्त्र शिकणारा विद्यार्थी अभ्यासासाठीं विंडोजशेजारीं लिनक्स घालतो, आणि शिक्षण संपल्यावर तें यंत्र धाकट्या भावंडांकडे जातें. कोणी जुन्या यंत्रांतली डिस्क काढून नव्या यंत्रांत बसवितो. तिच्याबरोबर तिच्यावरची जुनी प्रणालीही येते. अलीकडे आणखी एका कारणाची भर पडली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठीं निदान ६४ गिगाबाइटांची साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था यंत्रांत असावी लागते. ज्या यंत्रांत ती नाहीं, त्यांच्या धन्यांपैकीं कांहींनीं जुन्या विंडोजच्या शेजारीं लिनक्सला जागा दिली.

येथें एका गैरसमजाचें निरसन करणें अवश्य आहे. दोन प्रणाली असल्यामुळें संगणक मंद चालतो असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं. एका वेळीं एकच प्रणाली जागी असते. दुसरी डिस्कवर निजलेली असते. ती जागा अडविते, कित्येकदां वीस-पंचवीस गिगाबाइटांहून अधिक. पण चालत्या प्रणालीच्या कामांत ती ढवळाढवळ करीत नाहीं. म्हणून केवळ वेग वाढावा या आशेनें जुनी प्रणाली काढणारास निराशाच पदरीं घ्यावी लागेल. काढण्याचीं खरीं कारणें निराळीं आहेत. दर वेळीं अर्धा मिनिट खोळंबा होतो. घरांतील वडील माणसें दोन सारख्या नांवांनीं गोंधळतात. अडलेली जागा मोकळी हवी असते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, एखादें मूल नकळत जुनें नांव निवडतें आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेल्या प्रणालींतून इंटरनेटवर जातें. विंडोज ७ च्या अशा दुरुस्त्या सर्वसाधारण वापरणारांसाठीं १४ जानेवारी २०२० रोजींच थांबल्या. तिच्यांतून बँकेचे व्यवहार करणें म्हणजे खिंडार पडलेल्या कोठाराला पुढून कुलूप लावणें होय.

काढण्याचीं कारणें आहेत, तशीं ठेवण्याचींही असूं शकतात. मराठी घरांत आणि मराठी छापखान्यांत हा विचार विशेष करून झाला पाहिजे. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वीं मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा टंकांत जुळविला जात असे. या टंकांत लिहिलेला मजकूर ते टंक नसलेल्या यंत्रावर उघडला, तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. एखाद्या जुन्या दिवाळी अंकाची जुळणी, आजोबांनीं टंकलिखित करून ठेवलेली कुळाची वंशावळ, एखाद्या संस्थेचीं वीस वर्षांचीं इतिवृत्तें हीं ज्या जुन्या विंडोजमध्यें नीट वाचतां येतात, तीच काढून टाकली तर कागद शाबूत आणि डोळे गेले अशी स्थिति होईल. जुना छपाईयंत्राचा चालक किंवा दुकानाच्या हिशेबाचा कार्यक्रमही केवळ जुन्या प्रणालींतच चालत असण्याचा संभव असतो. तेव्हां पुसण्यापूर्वीं एकदां जुन्या प्रणालींत शिरून तेथें कोण कोण राहतें हें पाहून घ्यावें. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्यें बदलून घेतां येतो. तो बदलून, निदान छापील प्रतीवरून ताडून, मगच पुढचें पाऊल टाकावें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं या. तिचा क्रम एका तत्त्वावर आधारलेला आहे. जें परत फिरवितां येतें तें आधीं करावें आणि जें परत फिरवितां येत नाहीं तें सर्वांच्या शेवटीं.

पहिलें काम ओळख पटविण्याचें. यादींतून एक नांव निवडून आंत जावें आणि आपल्या नेहमींच्या फाइली तेथें आहेत कीं नाहींत हें पाहावें. मग यंत्र पुन्हां सुरू करून दुसरें नांव निवडावें. जी प्रणाली ठेवावयाची तिच्यांत राहूनच पुढील सर्व कामें करावयाचीं. या ठिकाणीं एक चकवा आहे. विंडोजच्या प्रत्येक प्रतीला स्वतःचा विभाग बहुधा "सी" या नांवानेंच दिसतो. म्हणजे पहिली प्रत चालूं असतांना जो विभाग "सी" असतो, तोच दुसरी प्रत चालूं असतांना "डी" किंवा "ई" होऊं शकतो. अक्षरावर विश्वासून विभाग पुसणें म्हणजे "गल्लींतलें पहिलें घर" एवढ्याच खुणेवर, कोणत्या टोंकाकडून मोजावयाचें हें न विचारतां, घर पाडणें होय. विभागाची ओळख त्याच्या आकारमानावरून आणि आंतील फाइलींवरून पटवावी, अक्षरावरून नव्हे.

दुसरें काम प्रतींचें. जुन्या विभागांतील "युझर्स" या फोल्डरमध्यें प्रत्येक वापरणाराचें कपाट असतें. छायाचित्रें, पत्रें, सातबाराचे उतारे, प्रबंध, हिशेब हें सर्व तेथून वेगळ्या बाहेरील डिस्कवर उतरून घ्यावें, आणि त्यांतील चार-दोन फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्या. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, असें समजावें. डिस्क बिटलॉकर या व्यवस्थेनें कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी किल्ली आधीं कागदावर लिहून ठेवावी. कारण सांध्यांत बदल झाला कीं यंत्र ती किल्ली मागूं शकतें. निदान ८ गिगाबाइटांच्या पेनड्राइव्हवर विंडोजची स्थापना-प्रत तयार करून ठेवणेंही हिताचें. वाट चुकलीच, तर यंत्र सुरू करण्याचा तो दुसरा दरवाजा असतो.

तिसरें काम पाटी उतरविण्याचें, आणि तें सर्वांत सोपें आहे. विंडोजच्या शोधपेटींत "सिस्टिम कॉन्फिगरेशन" असें इंग्रजींत लिहिलें, कीं त्या नांवाचें साधन उघडतें. त्यांतील "बूट" या पानावर प्रणालींची यादी दिसते. जी प्रणाली त्या वेळीं चालूं आहे तिच्यापुढें "करंट ओएस" असें लिहिलेलें असतें. त्यामुळें दोन्ही नांवें सारखीं असलीं तरी गोंधळ होत नाहीं. ठेवावयाची प्रणाली निवडून ती प्रथम "डिफॉल्ट", म्हणजे मुख्य, करावी. नंतर दुसरी ओळ निवडून "डिलीट" ही कळ दाबावी, "अप्लाय" करावें आणि यंत्र पुन्हां सुरू करावें. चालत्या प्रणालीचें नांव हें साधन पुसूं देत नाहीं, एवढी सावधगिरी त्यांत मुळांतच आहे. ज्यांस आज्ञा लिहून काम करण्याचा सराव आहे, त्यांनीं आधीं "बीसीडीएडिट" या साधनानें यादीची एक प्रत वेगळ्या फाइलींत काढून ठेवावी. यंत्र पुन्हां सुरू झालें, यादी दिसली नाहीं, आणि थेट हवी ती प्रणाली उघडली, म्हणजे पाटी उतरली. पुष्कळ घरांचें काम एवढ्यावरच संपतें. जागेची निकड नसेल तर येथेंच थांबावें.

चौथें काम केवळ थांबण्याचें आहे. आठ-पंधरा दिवस यंत्र नेहमींप्रमाणें वापरावें. जुन्या प्रणालींत राहून गेलेली एखादी वस्तु याच दिवसांत आठवते. पाटी उतरली असली तरी रूळ जागेवर आहेत, तोंवर सर्व कांहीं परत मिळतें.

पांचवें काम रूळ काढण्याचें, आणि खरा धोका येथें आहे. कित्येकदां सांधा बसलेला असतो जुन्या रुळांवरच! नवी विंडोज घातली जाते तेव्हां ती नवा सांधा बसवीत नाहीं; आधींचा सांधा सांपडला तर त्यालाच आपलें नांव सांगून ठेवते. मग घरधनी जुना विभाग किंवा जुनी डिस्क निर्धास्तपणें पुसतो, आणि दुसऱ्या दिवशीं नवी विंडोजही उघडत नाहीं. सुक्याबरोबर ओलेंही जळतें तें असें. हें टाळण्यासाठीं "डिस्क मॅनेजमेंट" हें साधन उघडून प्रत्येक विभागाखालची लहान अक्षरांतली ओळ वाचावी. तेथील शब्द उलटे वाटावे असे आहेत. ज्या विभागावर "सिस्टिम" असें लिहिलेलें असतें तेथें सांधा असतो, आणि ज्यावर "बूट" असें लिहिलेलें असतें तेथें चालती विंडोज असते. जो विभाग पुसावयाचा त्यावर "सिस्टिम", "बूट" अथवा "ईएफआय" यांपैकीं एकही शब्द असेल, तर त्यास हात लावूं नये. जुनी प्रणाली वेगळ्या डिस्कवर असेल, तर टेबलावरच्या संगणकांत आणखी एक निर्णायक परीक्षा करतां येते. यंत्र बंद करून, विजेची तार काढून, जुन्या डिस्कची जोडणी सोडवावी आणि यंत्र सुरू होतें कीं नाहीं तें पाहावें. सुरू झालें, तर सांधा नव्या डिस्कवर आहे. न झालें, तर जुनी डिस्क पूर्ववत् जोडावी आणि नव्या डिस्कवर नवा सांधा बसविण्याचें काम जाणत्याकडे सोंपवावें. विंडोजमध्येंच असलेल्या "बीसीडीबूट" या साधनानें तें होतें.

एवढी खात्री पटल्यावरच जुना विभाग "डिलीट व्हॉल्यूम" या आज्ञेनें काढावा. मोकळी झालेली जागा शेजारच्या विभागास जोडतां येते. मात्र विंडोजचें स्वतःचें साधन ती जागा लगत उजवीकडे असेल तरच जोडतें. मध्यें एखादा लहान "रिकव्हरी" विभाग असला तर तो निरुपयोगी समजून पुसूं नये; आजारी विंडोजचें औषध त्यांत असतें. त्यापेक्षां मोकळ्या जागेचा स्वतंत्र विभाग करून त्यांत छायाचित्रें ठेवलेलीं बरीं. हें सर्व करतांना वीज जाण्याचा संभव असेल तर इन्व्हर्टरची सोय आधीं पाहावी. विभागांची मांडणी अर्ध्यावर तुटणें यंत्रास मानवत नाहीं.

लिनक्स शेजारीं असेल तर सांधा बहुधा ग्रब नांवाचा असतो, आणि क्रम थोडा बदलतो. लिनक्स काढून विंडोज ठेवावयाची असेल, तर लिनक्सचे विभाग पुसण्यापूर्वीं यूईएफआयच्या मांडणींत जाऊन विंडोजचा सांधा पहिल्या क्रमांकावर आणावा. तसें न करतां विभाग पुसले, तर ग्रब आपला उरलेला मजकूर शोधीत काळ्या पडद्यावर अडून बसतो. याच्या उलट, विंडोज काढून उबुंटूसारखी लिनक्स ठेवावयाची असेल, तर विंडोजचा विभाग काढल्यावर ग्रबची यादी पुन्हां तयार करण्याची आज्ञा द्यावी. गेलेलें नांव नव्या यादींत येत नाहीं. उबुंटूच्या यादींत "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" या ओळीखालीं एकाच प्रणालीच्या दोन-तीन आवृत्त्या दिसतात. त्या दुहेरी प्रणाली नव्हेत. नवी आवृत्ति अडली तर परत फिरण्यासाठीं ठेवलेल्या त्या जुन्या पायऱ्या आहेत. तसेंच विंडोजची वरची आवृत्ति त्याच जागीं चढविली असतां "विंडोज.ओल्ड" नांवाचें जें फोल्डर उरतें, त्याचाही यादीशीं संबंध नाहीं, परत फिरण्याची दहा दिवसांची मुदत संपल्यावर विंडोज तें स्वतःच काढून टाकते.

दुरुस्तीच्या दुकानांत यंत्र नेणारास हें सगळें स्वतः करण्याची गरज नाहीं. पण काय सांगावयाचें एवढें तरी त्यास ठाऊक असावें. "दुसरी विंडोज काढून द्या" या चार शब्दांचे दोन अर्थ होतात, पाटी काढणें आणि रूळ काढणें; आणि दुसऱ्या अर्थांत घरचीं वीस वर्षांचीं छायाचित्रें असूं शकतात. म्हणून यंत्र हातांतून सोडण्यापूर्वीं दोन गोष्टी कागदावर लिहून द्याव्या: केवळ यादीतील नांव पुसावयाचें कीं विभागही मोकळा करावयाचा, आणि कोणत्या आकारमानाच्या विभागास मुळींच हात लावावयाचा नाहीं. आणि बाहेरील डिस्कवर उतरून घेतलेली प्रत यंत्राबरोबर न देतां घरींच ठेवावी.